लाकडासारखी दिसणारी फरशी गावाकडच्या घरात टिकते का? आधी ओल बघा, मग डिझाइन

बार्शी : सोयाबीनचे पैसे हातात आले, तुळशीचं लग्न लागलं, की गावोगाव घराची कामं निघतात. कुणाच्या घरात लग्न असतं, कुणाच्या घरकुलाची फरशी राहिलेली असते, तर कुणाला जुनी शहाबादी काढून नवीन काहीतरी टाकायचं असतं. आता त्यात एक नवीन प्रकार आला आहे, लॅमिनेट फ्लोअरिंग. तालुक्याच्या दुकानात त्याला कुणी ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतं, कुणी ‘लाकडी फरशी’.

बहुतेक घरांत विषय मोबाईलवरूनच निघतो. पुण्याला कामाला असलेला मुलगा मित्राच्या फ्लॅटचा फोटो पाठवतो. ‘आण्णा, आपल्या हॉलला असली फरशी टाकू. पाहुणे बघतच राहतील.’ आण्णा फोटो मोठा करून बघतात आणि विचारतात, ‘दिसायला झ्याक हाय, पण तुझी आई घट कुठं बसवणार?’

प्रश्न साधा वाटतो, पण अख्खं उत्तर त्यातच आहे. घटाखालची माती नऊ दिवस ओली असते. घट बसायच्या आधी आपण सगळं घर पाईप लावून धुऊन काढतो. पावसाळ्यात चिखलाचे पाय घरात येतात. पुण्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यातलं जवळजवळ काहीच होत नाही. त्यामुळे तिथं जे टिकलं ते आपल्याकडं टिकेलच असं नाही. म्हणून पैसे मोजायच्या आधी ही वस्तू काय आहे, कुठं चालते आणि कुठं नाही, हे नीट समजून घ्या.

लॅमिनेट म्हणजे नेमकं काय?

हे अस्सल लाकूड नाही आणि साधं प्लास्टिकही नाही. स्वीडनमध्ये १९७७ साली हा प्रकार तयार झाला आणि पुढं युरोपातून जगभर पसरला. एका पट्टीत चार थर असतात. सर्वांत खाली पट्टी वाकू नये म्हणून एक थर. त्यावर मुख्य गाभा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि तंतू डिंकासारख्या रसायनात दाबून केलेला कडक बोर्ड. याला एचडीएफ म्हणतात. त्यावर सागवान, शिसम अशा लाकडाचा छापील कागद. सगळ्यात वर ओरखडे पडू नयेत म्हणून पारदर्शक कडक थर.

म्हणजे वरून जी सागवानाची नक्षी दिसते ती छापलेली आहे. वरचा थर चांगलाच कडक असतो. त्यावर पाणी सांडलं आणि लगेच पुसलं तर काही होत नाही. खरी अडचण गाभ्याची आहे. दोन पट्ट्यांच्या सांध्यातून किंवा खालून पाणी गाभ्यात गेलं की तो फुगतो. फुगलेली पट्टी वाळल्यावर पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. कडा वर येतात, चालताना पायाला लागतात. ती पट्टी बदलण्याशिवाय दुसरा इलाज नसतो.

दुसरी गोष्ट, ही फरशी जमिनीला चिकटवत नाहीत आणि खिळेही मारत नाहीत. पट्ट्या खाचेत खाच अडकवून एकमेकींना धरून राहतात आणि सगळी फरशी फोमच्या थरावर नुसती टेकलेली असते. त्यामुळे खालची जमीन सरळ, कोरडी आणि पक्की असेल तरच ती टिकते.

ओल कशी ओळखायची?

आपल्या सोलापूर-धाराशिव पट्ट्यात अनेक गावं काळ्या मातीवर वसलेली आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. जुन्या घरांत मातीच्या भरावावर थेट कोबा केलेला असतो किंवा शहाबादी टाकलेली असते. खालून ओल वर येऊ नये म्हणून काही केलेलं नसतं. जोतं कमी उंचीचं असेल आणि रस्ता दरवर्षी खडी-डांबराने उंच होत गेला असेल, तर पावसाचं पाणी भिंतीलाच येऊन थांबतं.

ओल तपासायची साधी रीत आहे. दोन बाय दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवा. चारही बाजूंनी चिकटपट्टी घट्ट लावा आणि २४ तासांनी उचला. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट झाली असेल तर ओल आहे. खोलीत एकाच नाही, तीन-चार ठिकाणी बघा. कोपऱ्यात आणि मोरीच्या भिंतीजवळ तर नक्की.

पण इथंच अनेकांची फसगत होते. कामं निघतात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. वैशाखात ही तपासणी केली तर जमीन कोरडी ठणठणीत दिसते. ओल येते श्रावण-भाद्रपदात. म्हणून शक्य असेल तर ही तपासणी पावसाळ्यातच करून ठेवा. ते जमलं नसेल तर घरातल्या बाईला तीन गोष्टी विचारा. पावसाळ्यात ज्वारीच्या पोत्याची खालची बाजू दमट लागते का? भिंतीच्या पायाजवळ रंगाचे पोपडे निघतात का, पांढरे क्षार फुटतात का? खाली अंथरलेली सतरंजी सकाळी ओलसर लागते का? एकाचंही उत्तर ‘होय’ आलं तर त्या खोलीत लॅमिनेट टाकू नका. दुकानदार काहीही सांगो.

नवीन बांधकाम असेल तर वेगळी काळजी. कोबा किंवा काँक्रीट २८ दिवस झाले की तयार झालं, असं म्हणतात. ते मजबुतीच्या बाबतीत. आतलं पाणी निघून जायला त्याहून जास्त वेळ लागतो, जाड थराला तर काही महिनेही लागतात. कोबा वरून पांढरा दिसला तरी आतून ओला असू शकतो. तिथंही हीच प्लास्टिकची तपासणी करा.

कुठं चालेल, कुठं नाही?

वरच्या मजल्यावरची झोपायची खोली, ही गावाकडच्या घरात लॅमिनेटसाठी सर्वांत चांगली जागा. खाली स्लॅब असतो, जमिनीची ओल तिथं पोहोचत नाही. फक्त वरून गच्ची गळत नाही ना, खिडकीतून पावसाचं पाणी आत येत नाही ना, एवढं बघायचं.

तळमजल्यावर आधीची टाईल्स किंवा कोटा फरशी चांगली बसलेली असेल, जोतं उंच असेल आणि पावसाळ्यात ओल येत नसेल, तर तिथंही चालेल. जुनी फरशी फोडायची गरज नसते, तिच्यावरच टाकता येतं.

ओसरी, स्वयंपाकघर, मोरी, संडास-बाथरूम, देवघराचा कोपरा, धान्य ठेवायची खोली, इथं लॅमिनेट नको. धान्याची पोती ओढताना ओरखडे पडतात, उंदीर कडा कुरतडतात. घरात आधीपासून वाळवी असेल तर तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय हा विषयच काढू नका, कारण गाभा लाकडाचाच आहे.

खरेदी करताना

पट्टी सात-आठ मिलिमीटरपासून १२ मिलिमीटरपर्यंत जाडीची मिळते. घरासाठी आठच्या खाली जाऊ नका. पण नुसत्या जाडीवर भुलूही नका. खोक्यावर ‘एसी’ आणि पुढं आकडा असतो, एसी १ ते एसी ५ असा. वरचा थर घासायला किती टिकतो याचा तो दर्जा आहे. घरातल्या खोलीला एसी ३ पुरतो. येणं-जाणं जास्त असेल तर एसी ४ घ्या. ‘ई १’ असा शिक्काही बघा. बोर्डातल्या रसायनाचा उग्र वास आणि वाफ मर्यादेत असल्याची ती खूण आहे. खोकं उघडल्यावर डोळे चुरचुरण्याइतका वास आला तर माल परत करा.

गाभा किती चांगला आहे हे घरी तपासता येतं. दुकानातून त्याच मालाचे दोन छोटे तुकडे मागून घ्या. एक तुकडा रात्रभर पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवा. सकाळी कोरड्या तुकड्याशेजारी ठेवून कडा बघा. दोन-तीन दुकानांतले तुकडे असे एकाच रात्री भिजवले तर कुठला माल कमी फुगतो ते डोळ्यांनी दिसतं. तुकडा द्यायला नाही म्हणणाऱ्या दुकानात मोठी खरेदी करण्याआधी विचार करा.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द ऐकला की नीट विचारा. काही मालावर ‘२४ तास पाणी सोसतो’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ वरून सांडलेलं पाणी, खालून येणारी ओल नव्हे. वॉरंटीच्या कागदात पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलं असतं. ती ओळ शोधून वाचा. एसपीसी नावाचा दुसरा प्रकार मिळतो. त्याचा गाभा चुनखडीची पूड आणि पीव्हीसीचा असतो, तो पाण्याने फुगत नाही. पण त्यालाही खालची जमीन सरळ लागते. जमीन खाली-वर असेल तर त्याच्याही खाचा तुटतात.

हिशोब कसा धरायचा?

समजा खोली दहा बाय बारा फुटांची आहे. क्षेत्र झालं १२० चौरस फूट. कापाकापीत दहा टक्के वाया जातात, म्हणून १३२ चौरस फूट धरा. एका खोक्यात साधारण वीस चौरस फूट माल असेल तर सात खोकी लागतील. खोक्यावर नेमका आकडा लिहिलेला असतो, त्यावरून हिशोब करा. सगळी खोकी एकाच लॉटची घ्या, नाहीतर रंगात फरक दिसतो. पुढं एखादी पट्टी बदलायची वेळ आली तर त्याच रंगाचा माल मिळेलच असं नाही, म्हणून उरलेल्या दोन-चार पट्ट्या माळ्यावर जपून ठेवा.

दुकानदार सांगतो तो दर बहुतेक वेळा नुसत्या पट्टीचा असतो. त्यात खालचा प्लास्टिक कागद, फोम, भिंतीकडेची स्कर्टिंग, दारातली जोडपट्टी, मजुरी आणि वाहतूक धरलेली नसते. दहा बाय बाराच्या खोलीला भिंतींची लांबी ४४ फूट होते. तीन फुटांचं दार सोडलं तर ४१ फूट स्कर्टिंग लागते. हे सगळं एका कागदावर लिहून घ्या आणि पूर्ण कामाचा आकडा मागा. पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर तक्रारीच्या वेळी हातात काहीच राहत नाही.

बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून काय बघायचं?

एक. माल आणल्या दिवशीच बसवायला घेऊ नका. बंद खोकी त्याच खोलीत आडवी, भिंतीपासून थोडी लांब, ४८ तास ठेवा. पट्ट्यांना त्या खोलीच्या हवेची सवय होऊ द्या.

दोन. सहा फुटांची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर वेगवेगळ्या दिशांनी ठेवा. खाली फट दिसते का बघा. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर साधारण तीन मिलिमीटर होतात. ती नाणी फटीत सहज गेली तर जमीन आधी लेव्हल करून घ्या. उंचवटे घासायचे, खड्डे भरायचे. ‘फोम टाकल्यावर बसून जाईल’ असं मिस्त्री म्हणाला तर ऐकू नका. खड्ड्यावरची पट्टी चालताना खाली-वर होते, करकरते आणि शेवटी खाच तुटते.

तीन. आधी प्लास्टिक कागद, मग फोम. कागद २०० मायक्रॉन जाडीचा हवा. दोन कागदांचा जोड आठ इंच एकमेकांवर यायला हवा आणि त्यावर चिकटपट्टी. कडा भिंतीवर थोड्या वर चढवायच्या. त्यावर दोन-तीन मिलिमीटर फोम. जाड फोम म्हणजे मऊ फरशी असं वाटतं, पण जाड फोमवर खाचांना ताण येतो.

चार. चारही भिंतींपासून आणि दाराच्या चौकटीपासून आठ ते दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडायची. पट्टी हवेतल्या दमटपणाने थोडी वाढते आणि उन्हाळ्यात आकसते. जागा नसेल तर फरशी मध्येच फुगून वर उचलते. ही फट नंतर स्कर्टिंगखाली झाकली जाते. फट सिमेंटने भरू नका. स्कर्टिंग भिंतीला ठोकायची, फरशीला नाही.

पाच. विटांच्या भिंतीत सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, तसंच इथं. शेजारच्या ओळीतला सांधा कमीत कमी एक फूट सरकलेला हवा. काम सुरू करण्याआधीच खोलीची रुंदी मोजून शेवटची ओळ किती उरते ते बघा. दोन इंचांपेक्षा बारीक पट्टी उरत असेल तर पहिली ओळच थोडी कापून सुरुवात करायची.

सहा. आठ मिलिमीटरची पट्टी आणि दोन मिलिमीटरचा फोम म्हणजे जमीन एक सेंटिमीटर वर येणार. दार उघडेल का, ते आधीच बघा. दार खालून घासायचं असेल तर सुताराला आधी बोलवा.

सात. दोन खोल्यांच्या मधल्या दारात जोडपट्टी टाका, सलग नेऊ नका. भिंतीला पक्कं केलेलं जड कपाट फरशीच्या वर उभं करू नका. फरशी तिथं दबून राहते आणि दुसरीकडं फुगते.

बसवून झाल्यावर सांभाळणं सोपं आहे, पण सवय बदलावी लागते. आधी झाडून घ्यायचं, कारण चिखलातली वाळू घासली की चमक जाते. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं. बादली ओतायची नाही, पाईप लावायचा नाही. लोखंडी कॉट आणि कपाटाच्या पायाला रबर लावायचं. घरातल्या प्रत्येकाला हे जमणार असेल तरच हा खर्च करा.

ओल असेल तर दुसरा रस्ता

ज्याच्या घरात ओल आहे, त्यानं लाकडी लूकची हौस सोडायची असं नाही. लाकडाच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या व्हिट्रिफाइड टाईल्स मिळतात, मोठा माल गुजरातमधल्या मोरबीहून येतो. या टाईल्स पाणी जवळजवळ पीत नाहीत. पाईप लावून धुतल्या तरी चालतात, नवरात्रात घटही निवांत बसतो. कर्नाटकातून येणारी शहाबादी आणि राजस्थानातून येणारी कोटा फरशी ओसरीला आणि धान्याच्या खोलीला आजही चांगली.

मात्र टाईल्स टाकल्या म्हणजे ओल गेली असं नाही. खालचं काम तेच आहे. काळी माती असेल तर ती काढून तिथं मुरूम भरा. मुरूम एकदम ओतून सपाट करायचा नाही. अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर, पाणी, मग धुम्मस. त्यावर प्लास्टिक कागद आणि तीन-चार इंच काँक्रीट. इथं एक ब्रास मुरूम वाचवला की पुढं टाईल्स खचतात आणि पोकळ वाजतात. व्हिट्रिफाइड टाईल नुसत्या सिमेंटच्या राळीला नीट धरत नाही, म्हणून तिला टाईलचं अॅडहेसिव्ह वापरा आणि दोन टाईल्समध्ये दोन मिलिमीटर फट ठेवा. मोरी-बाथरूमला दहा फुटांना एक ते दीड इंच ढाळ हवा. टाईल्स पक्क्या बसल्या की प्रत्येक टाईल लाकडी दांड्याने ठोकून बघा. पोकळ वाजली तर ती मजुरी देण्याआधीच बदलून घ्या.

घरकुलवाल्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला एक लाख वीस हजार रुपये धरलेले आहेत आणि घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं. फरशी शेवटी येते, तेव्हा हात आखडलेला असतो. अशा वेळी भारी फरशीसाठी खालचा भराव आणि काँक्रीट कमी करू नका. खालचं काम पक्कं करून वर साधा गुळगुळीत कोबा ठेवला तरी चालतं. पुढच्या वर्षी त्यावर हवी ती फरशी टाकता येते. उलट झालं तर भारी फरशी उखडूनच खालचं काम करावं लागतं.

दुकानात जाण्याआधी एवढं तपासा

– पावसाळ्यात त्या खोलीत ओल येते का?
– घरात वाळवी किंवा उंदरांचा त्रास आहे का?
– खोली पाण्याने धुवावी लागते का? घट, देवघर, न्हाणी कुठं आहे?
– जमीन सरळ आहे का, सहा फुटी पट्टी लावून बघितली का?
– तुकडा रात्रभर भिजवून बघितला का?
– पट्टी, कागद, फोम, स्कर्टिंग, मजुरी, वाहतूक धरून पूर्ण आकडा आणि पक्कं बिल मिळणार का?

पहिल्या तीन प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असेल तर लॅमिनेटचा विचार करायला हरकत नाही. तेही एकदम सगळ्या घराला नको. आधी वरच्या एकाच खोलीत टाका, एक पावसाळा जाऊ द्या आणि दसऱ्याला कडा हात फिरवून बघा. कडा सपाट असतील तर दुसरी खोली घ्या.